दूरशिक्षण आणि अध्ययनपसंती (पुणे)

रोज वर्गात हजर न राहता स्वयंअध्ययन पुस्तिका, गृहपाठ, संपर्कसत्रे आणि अलीकडे ध्वनिचित्रफितींच्या आधारे घेतलेले शिक्षण म्हणजे दूरशिक्षण. कॉलेजांचा अभिमान बाळगणाऱ्या पुण्याने त्याला दीर्घकाळ दुय्यम मानले. ‘रेग्युलर की एक्स्टर्नल?’ ही विचारणा नोकरीच्या मुलाखतीत होई, तशी लग्नाचे स्थळ पाहतानाही होई.

हा दुजाभाव अन्यायाचा होता, कारण वर्गाबाहेरून परीक्षा देण्याची परंपरा याच शहरात रुजलेली आहे. राज्य परीक्षा मंडळाचे मुख्यालय पुण्यातच आहे आणि त्याचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून शाळा सुटलेली असंख्य मुले-माणसे दहावी-बारावीला बसली. पुणे विद्यापीठाने बहिःस्थ विद्यार्थ्यांना पदवीची सोय दिली. पुढे हे काम मुक्त अध्ययन प्रशालेकडे आले. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन बारावी न झालेल्या प्रौढांनाही पूर्वतयारी अभ्यासक्रमाद्वारे पदवीची वाट मोकळी केली. चाकणच्या कारखान्यात पाळी करणारा कामगार किंवा संसारात शिक्षण मागे पडलेली गृहिणी यांच्यासाठी ही सवलत नव्हे, त्यांच्या हक्काचे शिक्षण होते.

कोण कसे शिकतो, याची चर्चा बहुधा ‘पाहून शिकणारे’ आणि ‘ऐकून शिकणारे’ अशा विभागणीवर येऊन थांबते. नील फ्लेमिंग यांच्या १९९२ च्या प्रश्नावलीने ती लोकप्रिय झाली. मात्र शैलीनुसार शिकवल्याने अधिक समजते, याला पुरेसा पुरावा नाही, असे २००८ मधील हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात दिसले. पुण्यात तरी माध्यमाची निवड आवडीपेक्षा सवडीवर जास्त ठरते. सदाशिव पेठ आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे अनेक जण मुक्त विद्यापीठाची पदवी घेतात, ती दिवस मोकळा राहावा म्हणून. तेच विद्यार्थी चालू घडामोडींवर गटात तासन्‌तास वाद घालतात. म्हणजे सोबत त्यांना हवी असते, हजेरीची सक्ती नको असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मान्यताप्राप्त मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे स्पष्ट केले. प्रयोगशाळा आणि कार्यशाळा लागणाऱ्या विषयांची मर्यादा मात्र खरी आहे. पत्राद्वारे अभियांत्रिकीचे शिक्षण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच अमान्य ठरवले.