पार्श्वभूमी : सीमाभागातल्या मराठी मुलांचे इंग्रजी शब्द

दहावीला इंग्रजीत ऐंशी-नव्वद मार्क मिळवलेली मराठी शाळेतली मुलगी पी.यू. (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सला जाते आणि पहिला महिनाभर वर्गात गप्प बसून राहते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शिक्षकांना हे नवं नाही. त्यावरचा सल्लाही ठरलेला आहे : शब्दसंग्रह वाढव, रोज दहा शब्द पाठ कर. कोणते दहा, हे मात्र कुणी सांगत नाही. मुलांच्या आळसाकडे बोट दाखवणं सोपं असतं. पण शाळेने कोणत्या काळात कोणते इंग्रजी शब्द दिले आणि कोणते द्यायचे थांबवले, ते पाहिलं की या गप्प बसण्याचं कारण बरंच जुनं निघतं.

बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. पाठोपाठ छावणी आली आणि १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर आले. या मिशनने १८३२ मध्ये सुरू केलेली इंग्रजी शाळा म्हणजे आजचं बेनन स्मिथ हायस्कूल. १८५६ मध्ये सेंट पॉल्स आलं. सरदारांच्या नावाचं सरकारी हायस्कूलही त्याच शतकातलं. म्हणजे मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली, तेव्हा बेळगावात इंग्रजी शिकणाऱ्यांची एक पिढी तयार होती. छावणीमुळे काही इंग्रजी गावात कानावाटेही शिरत होतं. बराक, परेड, मेस, रिक्रूट हे शब्द शिकायला कॅम्पाच्या आसपासच्या पोरांना शाळेची गरज पडली नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आजही इथंच आहे आणि आसपासच्या गावांत फौजेतून आलेले असे शब्द घरोघरी सापडतात.

त्या काळातला एक विद्यार्थी थांबून पाहण्यासारखा आहे. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात जन्मले आणि इथल्या मिशन शाळेत शिकले. पुढे ते मुंबईला गेले, ख्रिस्ती झाले, मराठीतले नावाजलेले लेखक झाले. साहित्याच्या इतिहासात त्यांचं नाव ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीसाठी घेतलं जातं. आपल्या विषयाला त्यांचं दुसरं काम जास्त जवळचं आहे. त्यांच्या जन्मवर्षीच मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती निघाली. १८५७ मध्ये आलेली दुसरी आवृत्ती सुमारे साठ हजार शब्दांची होती. हा ग्रंथ मुख्यतः मराठी शिकणाऱ्या साहेबांच्या सोयीचा होता, शब्द मराठी आणि अर्थ इंग्रजीत. आकारही असा, की शाळकरी मुलाने काखोटीला मारून न्यावा असा नव्हेच. पदमनजींनी १८६३ मध्ये त्याचा संक्षेप काढला. उलट्या दिशेचा, इंग्रजी शब्दाला मराठी अर्थ देणारा मोल्सवर्थ आणि कँडी यांचा कोश १८४७ मध्येच आला होता. पुढे मराठी घरांत रुळलेली वीरकरांची डिक्शनरी याच दिशेची. बेळगावच्या शाळेतून निघालेल्या माणसाने मोल्सवर्थचा तो भलामोठा मराठी-इंग्रजी कोश आटोपशीर करून दिला, याची आठवण गावात फारशी कुणी काढत नाही.

तेव्हाची शाळा कशी चालायची, हे इथं महत्त्वाचं आहे. मुलगा चार इयत्ता मराठीत शिके आणि मग ‘इंग्रजी पहिली’त जाई. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. ही अँग्लो-व्हर्नाक्युलर पद्धत. वरच्या इयत्तांत इंग्रजी हा नुसता विषय नसे, इतिहास, भूगोल, बीजगणित हे सगळंच इंग्रजीतून असे. त्यामुळे ‘समजा’, ‘म्हणून’, ‘त्याउलट’, ‘यावरून असं सिद्ध होतं’ यांसाठीचे इंग्रजी शब्द मुलाला कुणी वेगळे शिकवत नसे. बीजगणित सोडवताना आणि इतिहासाची उत्तरं लिहिताना ते शेकडो वेळा नजरेखालून जात. मॅट्रिकपर्यंत टिकणारी मुलं मूठभर, त्यातही विशिष्ट जातींची. मुलींना तर तिथवर जवळजवळ वावच नव्हता. म्हणून त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण शब्द अंगवळणी पडण्याची ती एक रीत होती आणि ती रीत पुढे मोडली.

याच काळात शाळेत कन्नड शिकवायचं की मराठी, हा वादही पेटला होता. डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनी धारवाड-बेळगाव भागात कन्नड शाळांसाठी खटपट केली. तोवर या भागात सरकारी शिक्षणावर मराठीचा पगडा होता. गंमत अशी, की दोन्ही बाजूंची हायस्कुलं इंग्रजीचीच होती. १९१६ मध्ये कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी, म्हणजे आजची केएलई, बेळगावात उभी राहिली ती अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळा काढूनच. १९३३ मध्ये लिंगराज कॉलेज आलं आणि १९४५ मध्ये साऊथ कोकण एज्युकेशन सोसायटीचं राणी पार्वतीदेवी. आता पदवीसाठी पुण्या-कोल्हापूरला जायचं कारण उरलं नाही. भांडण मराठी-कन्नडचं, आणि दोघांचीही मुलं इंग्रजीच्या पायऱ्या चढत होती.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने इंग्रजी आठवीपासून शिकवायचं ठरवलं. विषय मातृभाषेतून आणि इंग्रजी ही एक जादा भाषा, हे धोरण शैक्षणिकदृष्ट्या चुकीचं नव्हतं. विज्ञान, इतिहास मराठीतून शिकल्याने कितीतरी घरांतली पहिलीच मुलं मॅट्रिकला पोचली. पण इंग्रजी शिकण्याची वर्षं सातावरून चारावर आली आणि ती भाषा बाकीच्या विषयांपासून तुटली. ती पोकळी भरायला तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. नियम वाचायचा, शब्द पाठ करायचे, मराठी वाक्यांचं इंग्रजी करायचं, इंग्रजीचं मराठी. या पाठमालेची टिंगल पुष्कळ झाली. तरी कर्ता-कर्म-क्रियापद पक्कं करण्यात तिचा हात धरणारं दुसरं पुस्तक मराठी घरांत नव्हतं, असं माझं मत आहे. शब्दांच्या बाबतीत मात्र तिने एक खोड लावली. एका इंग्रजी शब्दाला एक मराठी अर्थ, दोन रकान्यांत समोरासमोर. आजच्या शब्दार्थाच्या वह्यांत हेच दोन रकाने आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, ८६५ गावांवरचा महाराष्ट्राचा दावा, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला खटला ही सीमावादाची वेगळी कहाणी आहे आणि ती सगळ्यांना पाठ आहे. शाळेपुरतं पाहायचं तर मराठी शाळा राहिल्या, पण त्यांचा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तकं आणि परीक्षा बंगळूरहून येऊ लागल्या. पुण्याची बालभारती १९६७ मध्ये निघाली. तिची पुस्तकं कोल्हापूरच्या मुलाच्या हाती पडली, निपाणीच्या नाही. निपाणीचा मुलगा एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकच्या दहावीच्या परीक्षेला, बसू लागला : पहिली भाषा मराठी, दुसरी इंग्रजी, तिसरी कन्नड, हा मराठी शाळांतला नेहमीचा क्रम.

इंग्रजी कसं शिकवावं, याबद्दलचे विचारही याच सुमारास बदलत होते आणि त्याची मुळं भारतातच होती. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक १९२० च्या दशकात ढाक्यात काम करत होते. वाचनाच्या पुस्तकांत नवे शब्द दाटीवाटीने येतात आणि एकदा येऊन गेलेला शब्द पुन्हा भेटत नाही, हे त्यांनी हेरलं. त्यांनी पानावरच्या नव्या शब्दांची संख्या कमी केली आणि तेच शब्द पुढच्या पानांवर फिरून फिरून आणले. १९५३ मध्ये त्यांनी सुमारे दोन हजार सर्वसाधारण इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या लिखाणातले पाचांपैकी साधारण चार शब्द या यादीतले असतात. स्वतंत्र भारतातली ‘स्ट्रक्चरल’ पाठ्यपुस्तकं याच विचाराच्या जवळची : ठरावीक वाक्यरचना आणि मोजके शब्द, सोप्याकडून अवघडाकडे. शिक्षकांना तयार करायला बंगळूरला १९६३ मध्ये प्रादेशिक इंग्रजी संस्था निघाली. १९७९ मध्ये एन. एस. प्रभू यांनी बंगळूरहूनच वेगळा प्रयोग सुरू केला. रचना घोकण्याऐवजी मुलांना नकाशा, वेळापत्रक, कोडं अशी कामं इंग्रजीतून करायला द्यायची. भाषाशिक्षणाच्या जगात ‘बंगळूर प्रकल्प’ म्हणून त्याचं नाव झालं. पण बेळगावजवळच्या कंग्राळीच्या किंवा येळ्ळूरच्या वर्गात तेव्हाही गुरुजी फळ्यावर शब्द आणि अर्थ लिहीत होते, आणि त्यात त्यांचा दोष धरता येणार नाही. वेस्टची पद्धत चालायची तर धड्याच्या पुस्तकाशिवाय आणखी पाचदहा सोपी पुस्तकं मुलाच्या हाती लागतात. खेड्यातल्या शाळेत पाठ्यपुस्तक हेच एकमेव इंग्रजी पुस्तक होतं. शब्द पुन्हा भेटणार कुठे?

मग भाषेचं राजकारण तापलं. शाळेतल्या भाषांबद्दलचा गोकाक समितीचा अहवाल १९८१ मध्ये आला, कन्नडला पहिल्या भाषेचा मान मिळावा म्हणून मोठं आंदोलन झालं. १९९४ च्या सरकारी आदेशाने पहिली ते चौथीचं माध्यम मातृभाषा किंवा कन्नड असावं, असं ठरलं. खासगी शाळा कोर्टात गेल्या आणि ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने माध्यमाची ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. दरम्यान २००७ मध्ये राज्याने सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आणला, त्याआधी तो पाचवीपासून असे. २०१५ मध्ये कन्नड शिकण्याचा कायदा झाला. या सगळ्याचा परिणाम असा, की सीमाभागातलं मराठी पोर दहा वर्षांचं होईतो देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या वाचू लागतं. याला ओझं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ती ताकद वाटते, पण त्या ताकदीचा इंग्रजीच्या तासाला कुणी उपयोग करून घेत नाही, हेही खरं. ज्यांना परवडलं त्यांनी मुलं इंग्रजी माध्यमात घातली आणि मराठी शाळांचे पट उतरत गेले.

आता पुन्हा पी.यू.च्या वर्गाकडे. सायन्स इंग्रजीतून. पुढे इंजिनिअरिंग, मेडिकलही इंग्रजीतूनच. इथं मराठी माध्यमाच्या मुलाला धक्का बसतो तो ‘फोटोसिंथेसिस’सारख्या शब्दाचा नव्हे. पारिभाषिक शब्द जाड ठशात असतात, गाईडात असतात, मास्तर फळ्यावर लिहून देतात. प्रकाशसंश्लेषण माहीत असलेल्या मुलाला ते नवं नाव आठवड्यात सवयीचं होतं. रोजच्या वापरातले सोपे शब्दही त्याला येतात. अडतात ते मधले : अझ्यूम, डेराइव्ह, रिस्पेक्टिव्हली, व्हेअरॲज, हेन्स, प्रपोर्शनल, निग्लिजिबल. ॲव्हरिल कॉक्सहेड या भाषातज्ज्ञ बाईंनी २००० मध्ये विद्यापीठीय लिखाणात विषय कोणताही असो, हमखास येणाऱ्या शब्दांची यादी काढली. ती अवघ्या ५७० शब्दकुळांची आहे (एक शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कूळ). जुन्या मॅट्रिकच्या मुलाला हे शब्द बीजगणिताच्या तासाला आपोआप मिळत होते. विषय मराठीत आले तेव्हा ते इंग्रजीच्या पुस्तकात यायला हवे होते. पण त्या पुस्तकात कविता, गोष्टी आणि थोरांची चरित्रं होती. हे शब्द दोन विषयांच्या मधल्या फटीत पडले आणि ते कुणाच्या वाट्याचे, हे ठरलंच नाही. रोजचे दहा शब्द डिक्शनरीतून उचलणारा मुलगा त्या दिवशीच्या यादीत एखादा भारदस्त, वर्षभरात कधीच न भेटणारा शब्द पाठ करतो आणि ‘व्हेअरॲज’ला अडतो.

या फटीवरचा उपाय सीमाभागात फुकट पडून आहे. कर्नाटक पाठ्यपुस्तक संस्था एकच पुस्तक कन्नड, इंग्रजी, मराठी, उर्दू अशा अनेक माध्यमांत काढते. आठवीच्या विज्ञानाचं मराठी पुस्तक आणि इंग्रजी पुस्तक यांत धडा तोच, आकृती तीच, स्वाध्यायातला तिसरा प्रश्नही तोच. दोन्ही पुस्तकं संगणकावर उतरवून घेता येतात. मराठीतून कळलेला धडा त्याच संध्याकाळी इंग्रजीत वाचला, तर अर्थ आधीच डोक्यात असतो आणि ‘म्हणून’च्या जागी काय लिहिलंय, ‘त्याउलट’च्या जागी काय, ते डिक्शनरी न उघडता दिसतं. शब्द वाक्यासकट भेटतो, आणि पुढच्या धड्यात पुन्हा भेटतो. वेस्टना ढाक्यात यासाठी नवी पुस्तकं लिहून घ्यावी लागली होती. काही शिक्षक आठवी-नववीत गणिताची उदाहरणं दोन्ही भाषांत फळ्यावर मांडतात, पण अजून ते ज्याच्या त्याच्या हौसेवर आहे. वेळापत्रकात त्यासाठी तास नाही. शाळा सुटल्यावर दोन पुस्तकं शेजारी ठेवायला तास लागतही नाही. आठवीपासून आठवड्याला एक धडा धरला तरी पी.यू.ला जाईतो विज्ञान-गणिताची जवळजवळ सगळी पुस्तकं दोनदा वाचून होतात.