पायाचं जुनं दुखणं आणि दिव्यांग प्रमाणपत्र : इंदूरमध्ये अर्ज कसा करावा

टाच, घोटा किंवा तळपाय वर्षानुवर्षं दुखतोय, उभ्यानं काम होत नाही, तर दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का? मिळू शकतं, पण नुसत्या दुखण्यावर नाही. मेडिकल बोर्ड दुखण्यामुळे पायाचं कोणतं काम अडलं ते मोजतं. दुखण्याला स्वतःचं वजन फार कमी. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात दिव्यांगतेचे 21 प्रकार आहेत, त्यांत पायदुखी नाही. आपला अर्ज अस्थिव्यंग, म्हणजे इथल्या हिंदी कागदांवरच्या ‘अस्थिबाधित’ गटात जातो आणि बहुतेक लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगता लागते.

नुसती टाचदुखी किंवा सपाट तळवे असतील तर 40 टक्क्यांपर्यंत पोचणं अवघड आहे. हे आधीच कळलेलं बरं, म्हणजे ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या हातात पैसे जाणार नाहीत. टाचेचं हाड मोडून वाकडं जुळलंय, मधुमेहानं घोट्याचा सांधा ढासळलाय, संधिवातानं पाऊल आखडलंय, जन्मजात वाकडं पाऊल आहे किंवा पावलाचा भाग कापावा लागलाय, अशांनी मात्र अर्ज जरूर करावा. उपचार अजून चालू असतील तर बोर्ड थांबायला सांगतं किंवा ठरावीक मुदतीचं तात्पुरतं प्रमाणपत्र देतं.

तपासणीत गोनिओमीटर नावाच्या कोनमापकानं घोटा किती अंश वर-खाली होतो ते पाहतात. स्नायूंची ताकद 0 ते 5 अशा श्रेणीत मोजतात. मग सपाट जागेवर आणि उतारावर चालणं, जिना चढणं, दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं यांतलं काय जमतं ते बघतात. रोज काठी, पट्टा किंवा खास बूट वापरत असाल तर तेच घेऊन जा. मुद्दाम जास्त लंगडू नका. सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद यांचा मेळ बसला नाही की डॉक्टरांच्या लगेच लक्षात येतं आणि खऱ्या त्रासावरही शंका घेतली जाते.

बहुतेकांचं अडतं ते कागदांवर. ओपीडीच्या चिठ्ठीवर ‘पाय दुखतो’ आणि खाली गोळ्यांची नावं, एवढ्यावर बोर्डाला काही ठरवता येत नाही. अस्थिरोगतज्ज्ञांकडून निदान, घोट्याची हालचाल अंशांत, पाय आखूड असल्यास किती सेंटिमीटर, न थांबता किती चालता येतं, हे लिहून घ्या. सोबत उभं राहून, पायावर भार देऊन काढलेला एक्स-रे, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि फिजिओथेरपीच्या नोंदी ठेवा. मधुमेहानं पाय बधिर झाले असतील तर नसांच्या तपासणीचा रिपोर्टही लावा.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवर, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या विशेष ओळख कार्डासाठी. त्याला फी नाही. एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवरून भरलात तर तिथला सेवाशुल्क तेवढा द्यावा लागतो. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा आणि वैद्यकीय कागद अपलोड करायचे. शेवटी मिळणारा नावनोंदणी क्रमांक जपून ठेवा. तुमच्या तपासणीचा वार कोणता, ते निवडलेल्या सरकारी रुग्णालयात विचारून घ्या आणि मूळ कागद घेऊन जा. तपासणीला न गेल्यानं अर्ज 2 वर्षांहून जास्त पडून राहिला तर तो निष्क्रिय होतो.

मराठी घरांनी नावाकडे विशेष लक्ष द्यावं. महाराष्ट्रातल्या जुन्या दाखल्यावर नाव-वडिलांचं नाव-आडनाव, आधारवर मधलं नाव गायब, समग्र आयडीत (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणीत) ‘काळे’चं ‘काले’, अशी तफावत असली की पेन्शनचा अर्ज अडकतो. आधी आधार आणि समग्र जुळवून ई-केवायसी करा, मग पुढचं.

कार्डाच्या रंगावरून टक्केवारी कळते: 40 च्या खाली पांढरं, 40 पासून 80 च्या आत पिवळं, 80 आणि वर निळं. मध्य प्रदेशची दिव्यांग पेन्शन महिना 600 रुपये आहे. शहरात तिचा अर्ज महापालिकेच्या झोन कार्यालयात करायचा, गावात ग्रामपंचायतीत. केंद्राच्या दिव्यांग पेन्शनला 80 टक्के, बीपीएल आणि 18 ते 79 वय या अटी आहेत. प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत 75,000 रुपयांची वजावट मिळते, 80 टक्क्यांपासून 1,25,000. रेल्वेची सवलत मात्र या कार्डावर आपोआप लागू होत नाही: सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही, असं रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात सरकारी डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं.

टक्के कमी लागले किंवा अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. ते मिळणं हा तुमचा हक्क आहे. कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं. अपिलात तेच जुने कागद पुन्हा जोडू नका. ज्या मोजणीवर तुमचा आक्षेप आहे, तीच मोजणी तज्ज्ञाकडून नव्यानं लिहून घेऊन सोबत लावा.