दहा हजारांत एकदा उघडणारं दार

आमच्या ऑफिसातले एक काका रोज सायकलने येतात. हळू चालवा, जपून जा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "वीस वर्षं चालवतोय, काही झालं नाही." खोटं नाही बोलत ते. पण हिशेब करून बघा.

समजा, रस्त्याकडेच्या गाड्यांना खेटून जाताना एखादं दार अंगावर उघडण्याची शक्यता एका फेरीत दहा हजारांत एक आहे (आकडा हिशेबापुरता, मनचा). दिवसाला दोन फेऱ्या, वर्षाला २५० दिवस. वीस वर्षांत झाल्या १०,००० फेऱ्या. इतक्या फेऱ्यांत एकदाही दार न लागण्याची शक्यता साधारण ३७ टक्के. म्हणजे अशा शंभर काकांपैकी ३७ जण हेच वाक्य छातीठोकपणे म्हणणार. उरलेल्या ६३ जणांना आपण विचारतच नाही.

दाराला ब्रेकने उत्तर देता येत नाही. ताशी १८ किलोमीटरने सायकल सेकंदाला पाच मीटर जाते. दचकून ब्रेक दाबेपर्यंत सेकंदभर जातो, तेवढ्यात अख्खी छोटी कार मागे पडते. रिम पावसात भिजली असेल तर विचारूच नका. म्हणून गाड्यांच्या रांगेपासून मीटरभर तरी लांब राहायचं. ड्रायव्हरच्या सीटवर डोकं दिसलं, ब्रेकचा लाल दिवा नुकताच विझला, की जास्तच.

पण लांब राहिलं की मागून हॉर्न सुरू! मागच्या ट्रकची भीती खोटी नाही, मात्र आवाज करणारा धोका मनाला मोठा वाटतो आणि गप्प उभी असलेली मोटार धोका वाटतच नाही.

हेल्मेट मीही घालतो. पण ते पडल्यानंतर कामाला येतं. आधी दिसणं महत्त्वाचं. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की अंधारात फक्त सांध्यांवरचे ठिपके हलताना दिसले तरी माणूस चालतोय हे बघणाऱ्याला क्षणात कळतं. पेडलबरोबर वरखाली होणारी घोट्यावरची चमकती पट्टी तेच काम करते. पाठीवरचा स्थिर दिवा कशाचाही असू शकतो.

परवा काकांना अशा दोन पट्ट्या आणून दिल्या. त्यांनी त्या डब्याच्या पिशवीला बांधल्यात.