केकवॉक : मालकांच्या चालीची नक्कल

सहज मिळालेल्या विजयाला ‘केकवॉक’ म्हणतात, हे क्रिकेटच्या समालोचनामुळे आपल्याला ठाऊक झालंय. ज्या नाचावरून हा शब्द आला, तो मात्र पोटऱ्या आणि कंबर दोन्हींचा कस पाहणारा होता.

त्याचं मूळ अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या मळ्यांवर, १८६५ पूर्वीच्या गुलामगिरीच्या काळात आहे. मालकांच्या हवेलीत मिन्युएट हा संथ दरबारी नाच आणि ग्रँड मार्च ही जोड्यांची संचलनासारखी मिरवणूक चाले. ती ताठ मान, ते लवून केलेले नमस्कार गुलाम बघत आणि रविवारी आपल्या अंगणात त्यांची नक्कल करत. मालक ते बघून हसत, उत्तम जोडीला केक देत. हसू कुणाचं होतंय हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नसे, असं पुढच्या पिढ्यांनी सांगून ठेवलंय. याचाच एक प्रकार म्हणजे ‘चॉक-लाइन वॉक’. जमिनीवर खडूची सरळ रेघ, डोक्यावर पाण्याचं भांडं. थेंबही न सांडता रेघेवरून चालायचं.

स्पर्धेच्या केकवॉकमध्ये जोड्या चौकोनात फिरत, पुरुष आतल्या बाजूला आणि स्त्री बाहेरच्या. हातात हात, छाती पुढे, पाठीला मागे कमान, गुडघा उंच उचललेला, पायाची बोटं ताणलेली. कमान पाठीतून यायला हवी. नुसतं अंग मागे टाकलं तर तोल टाचांवर जातो आणि गुडघा वर येतच नाही. खरी परीक्षा कोपऱ्यावर. तिथे बाहेरच्या स्त्रीला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून पुरुषाने पावलं आखडून जवळजवळ जागच्या जागी टाकायची. तो आपल्याच नादात पुढे गेला की स्त्री फरफटते आणि जोडी मोडते. परीक्षक पुरुषाचा रुबाब आणि स्त्रीचा डौल बघत, तसंच कोपऱ्यावरचं वळण किती चोख तेही बघत. एकेक जोडी बाद होत जाई. शेवटी उरलेल्या जोडीला सजवलेला केक.

पायाखालचा ठेका कवायतीचा, दोन ठोक्यांचा. गंमत वरच्या सुरावटीत. एका ठोक्याचे चार भाग केले तर पहिला सूर एक भाग, मधला दोन, शेवटचा पुन्हा एक. जोर मधल्या लांब सुरावर येतो आणि तो ठोक्यावर पडत नाही. पाय त्या सुरामागे धावले की चाल अडखळते. ते खालच्या सम ठेक्यालाच धरून राहायला हवेत. संगीतकार केरी मिल्सचं १८९७ चं ‘अ‍ॅट अ जॉर्जिया कॅम्प मीटिंग’ ऐका, दोन्ही पदर वेगळे ऐकू येतात. जॅझच्या आधीच्या, अशाच ठोका चुकवणाऱ्या रॅगटाइम संगीताची वाट इथूनच जाते.

मधल्या काळात मिन्स्ट्रेल खेळांनी, म्हणजे गाणी-विनोदांच्या फिरत्या तमाशांनी, हा नाच उचलला होता. जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासलेले गोरे नट कृष्णवर्णीयांची टिंगल म्हणून तो नाचू लागले. म्हणजे गोऱ्यांची नक्कल करणाऱ्यांची गोऱ्यांनी केलेली नक्कल. मूळ थट्टेची धार यात पार पुसली गेली, आणि या नाचाच्या इतिहासातलं मला हेच सर्वांत क्लेशकारक वाटतं.

कृष्णवर्णीय कलावंतांनी तो रंगमंचावर परत मिळवला. १८९० च्या ‘द क्रिओल शो’ या रंगमंचीय कार्यक्रमात स्त्रियाही नाचायला आल्या. १८९८ मध्ये संगीतकार विल मॅरियन कुक आणि कवी पॉल लॉरेन्स डनबार यांचं ‘क्लोरिंडी’ हे संगीत नाटक न्यूयॉर्कच्या कसिनो थिएटरच्या गच्चीवर रंगलं. त्याच वर्षी बर्ट विल्यम्स आणि जॉर्ज वॉकर या कृष्णवर्णीय विनोदी जोडीने धनाढ्य विल्यम व्हँडरबिल्टला केकवॉकच्या सामन्याचं जाहीर आव्हान दिलं. पैज ५० डॉलरची.

याच मंडळींचं ‘इन डाहोमी’ हे संगीत नाटक १९०३ मध्ये लंडनला गेलं आणि २३ जूनला बकिंगहॅम राजवाड्यात त्याचा खेळ झाला. त्यातली नायिका आणि वॉकरची पत्नी एडा ओव्हरटन वॉकर पुढे उच्चभ्रू गोऱ्या घरांतल्या स्त्रियांना केकवॉक शिकवत असे.