मीटिंगमधला बडग्या: प्रोजेक्ट संपल्यावरचा रिव्ह्यू का फसतो

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत (बाईचे मोठे पुतळे) निघते आणि सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, ज्याचा राग असेल त्याचा पुतळा करायचा, शहरभर मिरवायचा, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत जाळून टाकायचा. सण म्हणून एक नंबर. पण परसोडीच्या आयटी पार्कपासून बुटीबोरीच्या कारखान्यांपर्यंत प्रोजेक्ट संपल्यावर जी रिव्ह्यू मीटिंग होते ना, तीपण बऱ्याचदा अशीच होते: कोणीतरी एक बडग्या ठरतो, शक्यतो ज्युनियर नाहीतर त्या दिवशी सुट्टीवर असलेला, सगळं त्याच्या नावावर जातं आणि बाकीचे हलके होऊन चहाला जातात. पुढच्या प्रोजेक्टला परत तोच घोळ.

यात माणसं वाईट असतात असं नाही, आपला मेंदूच तसा चालतो. 1972 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर जाणार होते, तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं की अमुक घडेल, तमुक घडेल, याची शक्यता किती वाटते. दौरे झाल्यावर त्यांनाच विचारलं, तुम्ही तेव्हा काय आकडा सांगितला होता आठवा. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याबद्दल त्यांना आपला जुना आकडा होता त्यापेक्षा जास्तच आठवला! खोटं बोलत नव्हते बरं का, आठवणच बदलली होती. याला हाइंडसाइट बायस म्हणतात, आणि आपल्याकडे 'मी त म्हणलंच होतं ना बे' या वाक्यात तो रोज ऐकू येतो. निकाल कळला की आधीचा गोंधळ डोक्यातून पुसला जातो, मग ज्याने त्या गोंधळात निर्णय घेतला तो मूर्ख दिसायला लागतो. त्यामुळे 'तेव्हा आपल्याला काय माहीत होतं' हे आठवणीवर सोडायचंच नाही, जुने मेल, व्हॉट्सॲप ग्रुप, सुरुवातीचा प्लॅन, जे असेल ते समोर उघडून ठेवायचं.

1970च्या दशकात अमेरिकन सैन्याने सरावानंतर आढावा घ्यायची एक पद्धत बसवली, आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू. प्रश्न चारच: काय व्हायचं ठरलं होतं, खरंच काय झालं, फरक का पडला, आता पुढच्या वेळी काय तसंच ठेवायचं आणि काय बदलायचं. सैन्यासारख्या जागी, जिथे वरच्यासमोर ब्र काढायची सोय नसते, तिथे या बैठकीत साध्या सैनिकानेही अधिकाऱ्याचं चुकलेलं सांगायचं अशी अपेक्षा असते, आणि कोणाला मार्क द्यायचे नसतात. 2013 मध्ये टॅनेनबॉम आणि सेरासोली या दोघांनी अशा आढाव्यांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब लावला, तर नीट घेतलेल्या आढाव्याने कामगिरी सरासरी 20 ते 25 टक्के सुधारते असं निघालं. एका मीटिंगच्या खर्चात एवढं मिळत असेल तर अजून काय पाहिजे? फक्त 'नीट घेतलेल्या' हा शब्द विसरायचा नाही.

नीट म्हणजे काय ते बघू. समजा हिंगण्याच्या एका फॅक्टरीत नवीन मशीन बसवायचं काम दोन दिवस लांबलं. मीटिंगमध्ये पहिलं वाक्य येतं, 'मेंटेनन्सवाल्यांनी ढिलाई केली.' इथे थांबलात तर बडग्या तयार. पण 'का' विचारत गेलं की कळतं, गॅस्केट चुकीच्या साइजचं आलं म्हणून काम अडलं होतं. चुकीचं का आलं? ऑर्डर जुन्या ड्रॉइंगवरून गेली. नवीन ड्रॉइंग होतं की, पण ते एकाच इंजिनियरच्या मेलमध्ये पडून होतं. आणि आकडा जुळत नाही हे स्टोअरच्या काकांच्या लक्षात आलं होतं, पण त्यांना ना कोणी विचारलं, ना या मीटिंगला बोलावलं.

हे स्टोअरचे काका फार महत्त्वाचे आहेत. स्टासर आणि टायटस यांनी 1985 मध्ये प्रयोग करून दाखवलं की गटात बसल्यावर लोकं सगळ्यांना आधीच माहीत असलेलंच परत परत बोलतात, आणि जे एकट्यालाच माहीत असतं ते बहुतेक वेळा बाहेरच येत नाही, मग सगळा गट मिळून चुकीचा निर्णय घेतो. म्हणून माझं मत असं की बोलणं सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने पाच मिनिटं गप्प बसून कागदावर लिहावं, मग सगळ्यात नवीन माणसापासून वाचायला सुरुवात करावी आणि साहेबांनी शेवटी बोलावं. साहेब आधी बोलले की बाकीच्यांचं काम फक्त मान डोलवायचं उरतं, हे कोणत्याही ऑफिसात जाऊन बघा.

लोकं बोलतील कधी, तर बोलल्यावर वाट लागणार नाही याची खात्री असेल तेव्हा. एमी एडमंडसन यांनी 1990च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका तपासल्या, तर चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त निघाली, कमी नाही! त्यांच्या मते तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. त्यामुळे ज्या रिव्ह्यूमध्ये 'सगळं ओके होतं सर' एवढंच येतं, तिथे मला तरी जास्त भीती वाटते.

आपल्याकडचं उदाहरण पाहिजे तर चांद्रयान घ्या. सप्टेंबर 2019 मध्ये विक्रम लँडर चंद्रावर आदळला. तपासात जे निघालं ते एखाद्या माणसाचं नाव नव्हतं, कारणं होती: इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, यानाला पटकन वळता आलं नाही, उतरायची जागा फार छोटी ठरवली होती. मग चांद्रयान-3 मध्ये जागा पाचशे बाय पाचशे मीटरवरून सुमारे चार बाय अडीच किलोमीटर केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, मधलं पाचवं इंजिन काढून टाकलं, आणि 23 ऑगस्ट 2023 ला उतरलं. प्रत्येक कारणाला एक बदल.

अजून एक गोष्ट आपण जवळपास कधीच करत नाही, ती म्हणजे जमलेल्या कामाचा रिव्ह्यू. एलिस आणि डेव्हिडी यांचा 2005 चा अभ्यास इस्रायली सैनिकांच्या रस्ता शोधायच्या सरावावर आहे. एका गटाने फक्त चुकलेलं बघितलं, दुसऱ्याने चुकलेलं आणि जमलेलं दोन्ही, आणि दुसरा गट जास्त सुधारला. पटतं पण, कारण काम जमलं ते प्लॅनमुळे की निव्वळ नशिबाने हे तपासलंच नाही तर पुढच्या वेळी आपण नशिबालाच प्लॅन समजून बसतो. डिलिव्हरी वेळेत गेली की पार्टी ठरते, ती जरूर करा, पण त्याआधी अर्धा तास बसा.

आणि हो, मीटिंगमधून 'कम्युनिकेशन सुधारायला पाहिजे' असलं काही लिहून उठू नका, त्याचं पुढे काहीच होत नाही. 'ड्रॉइंग बदललं की त्याच दिवशी स्टोअरला प्रिंट द्यायची, जबाबदारी डिझाइनची, पुढच्या सोमवारपासून' असं लिहा. दोन-तीनच ओळी लिहा, पण पुढच्या प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगला तो कागद आधी उघडायचा आणि ज्या ओळीचं काहीच झालं नाही ती मोठ्याने वाचायची, साहेबांच्या नावापुढची असेल तरी.