बर्फातल्या मुक्कामाचं चित्र करून घेण्याआधी

मनाली, नारकंडा किंवा औलीला बर्फातल्या लाकडी घरात राहून आलेली मंडळी त्या जागेचं रंगवलेलं चित्र हवं म्हणून आमच्याकडे मोबाइलमधले फोटो घेऊन येतात. असं चित्र बिघडतं ते बहुधा पांढऱ्यापायीच, म्हणून ही माहिती.

फोटो कसे द्यावेत

कॅमेरा समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतो, त्यामुळे लख्ख बर्फ राखाडी येतो. अजून जायचं असेल तर स्क्रीनवर बर्फावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवा, पण बर्फातली पावलं पुसट होतील इतका नको. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि सावलीतले बारकावे जातात. आम्हाला नेमके तेच लागतात. छपराची कड, जोत्याचे दगड, दाराची चौकट यांचे जवळून घेतलेले फोटोही द्या.

रंगाचं काम

उन्हातल्या बर्फाची सावली निळी दिसते, कारण तिथे ऊन पोचत नाही, पोचतो तो फक्त आकाशाचा उजेड. ढगाळ दिवशी ही निळाई जवळजवळ नसते. त्यामुळे एका फोटोतलं ऊन आणि दुसऱ्यातलं ढगाळ आभाळ एकत्र करून मागू नका, चित्र खोटं दिसतं.

सावलीसाठी अल्ट्रामरीन निळ्यात किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पांढरा मिसळतो, काळा वापरत नाही. निव्वळ पांढरा दोन-चार जागीच, उदाहरणार्थ छपराच्या उन्हाकडच्या कडेला. सगळीकडे लावला तर चुना फासल्यासारखं दिसतं. संध्याकाळच्या चित्रात खिडकीतला पिवळा उजेड हवा असेल, तर भोवतीचा बर्फ निळसर, गडद ठेवावाच लागतो. ‘बर्फ अजून पांढरा करा’ असं पुष्कळ जण म्हणतात. तसं केलं की खिडकी विझते.

तैलरंग की जलरंग

तैलरंगात टायटॅनियम पांढरा घ्यावा, तोही करडईच्या तेलात घोटलेला. जवसाचं तेल अंधारात जास्त पिवळं पडतं. झिंक पांढरा कालांतराने ठिसूळ होऊन तडकतो. पातळ थर आठवडा-दोन आठवड्यांत हाताला सुका लागतो, जाड थराला महिने लागतात. म्हणून शेवटचं व्हार्निश आम्ही निदान सहा महिन्यांनी देतो. तोवर चित्र प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, चिकटेल.

जलरंगात बर्फ म्हणजे कोरा सोडलेला कागद. एकदा तिथे रंग बसला की तो पांढरेपणा परत येत नाही. त्यामुळे घर, झाडं, वाट यांची जागा पेन्सिलच्या कच्च्या आराखड्यातच पक्की करा. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), सुती.

आपल्याकडचा पावसाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, लोंढा भागात तर भिंतीला पावसाळाभर ओल असते, बेळगावातही पश्चिमेची बाहेरची भिंत टाळलेली बरी. जलरंगावर काच हवीच, पण कागदाला टेकता कामा नये. आत दव धरलं की कागद चिकटतो आणि तपकिरी ठिपके पडतात. मध्ये आम्लरहित माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालून घ्या. फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंतीशी हवा खेळती राहील. देवघर आणि स्वयंपाकघरापासून चित्र लांब ठेवा: समईची काजळी, उदबत्तीचा धूर आणि फोडणीचा तेलकटपणा आधी दिसतो तो बर्फावरच. धूळ कोरड्या मऊ ब्रशनेच झाडा, ओलं फडकं नको.

जुलै-ऑगस्टमध्ये कॅनव्हास सैल पडला तर मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांतल्या, कॅनव्हास ताणायच्या लाकडी पाचरी लगेच ठोकू नका. हवा कोरडी झाली की तो बहुधा आपोआप ताणला जातो, आणि पावसात ठोकलेल्या पाचरींमुळे फाल्गुनात जास्तच ताणून रंगाला चिरा पडतात. दिवाळीनंतरही ढिला राहिला तर घेऊन या.