मिलिमीटरभर धमनीचा जोड: मेंदूच्या बायपासची पार्श्वभूमी

१८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लियाँमध्ये चाकूहल्ला झाला. यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर कापली गेली. ती शिवण्याची खात्रीची रीत तेव्हा नव्हती आणि ते दगावले. त्याच शहरातल्या अलेक्सी कारेल या सर्जनने पुढे भरतकाम करणाऱ्या बाईकडून बारीक सुईचं काम शिकून घेतलं. कडेला तीन टाके घालून रक्तवाहिनीचं गोल तोंड त्रिकोणी ताणायचं, मग एकेक बाजू शिवायची, ही त्याची १९०२ ची पद्धत. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

पण मेंदूच्या पृष्ठभागावरच्या धमन्या जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या. तिथे नुसती नजर पुरत नाही. अमेरिकेतल्या बर्लिंग्टनमध्ये ज्युलियस जेकबसन आणि अर्नेस्टो सुआरेझ यांनी १९६० मध्ये मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या. तिथेच न्यूरोसर्जन डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत १९६५ मध्ये झुरिकहून न्यूरोसर्जन गाझी यासारगिल आले आणि वर्षभराहून अधिक काळ प्राण्यांच्या धमन्यांवर हात बसवत राहिले. मला या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. ३० ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांनी झुरिकमध्ये कानशिलावरची धमनी कवटीतून आत नेऊन मेंदूच्या धमनीला जोडली. अडलेल्या वाटेला वळसा घालून मेंदूला रक्त पोचवणारी ही वाट म्हणजेच मेंदूचा बायपास. दुसऱ्याच दिवशी डोनाघींनी बर्लिंग्टनमध्ये तेच केलं.

जोडाचं यश बारीकसारीक गोष्टींवर ठरतं. धमनीच्या टोकावरचं बाहेरचं सैल आवरण आधी काढून टाकायचं, कारण त्याचा धागा आत गेला की तिथेच गुठळी धरते. जोडाच्या दोन टोकांना दोन टाके, मग मधले सुटे टाके. सुई चुकून मागच्या भिंतीत अडकली तर वाट बंदच. दोरा केसाहून बारीक. आणि हे सगळं मेंदूची धमनी क्लिपने बंद असताना, म्हणजे घड्याळ चालू असताना.

बायपासने पक्षाघात टळतो का हे पाहणाऱ्या, १,३७७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल १९८५ मध्ये आला. ९६ टक्के जोड उघडे होते, तरी पक्षाघात काही टळला नाही. शस्त्रक्रियांची संख्या घसरली. २०११ च्या दुसऱ्या चाचणीतही पदरी तेच आलं. मात्र टाका कमी पडला नव्हता. कोणत्या रुग्णाला तो घालावा, हा प्रश्न होता. मोयामोया आजारात (यात मेंदूच्या मुख्य धमन्या हळूहळू अरुंद होत जातात) आणि काही अवघड अ‍ॅन्युरिझममध्ये, म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेल्या फुग्यात, बायपास आजही लागतो. या शस्त्रक्रिया थोड्याच होतात, म्हणून सरावाची गरज उलट वाढली आहे. शिकाऊ न्यूरोसर्जन आज कोंबडीच्या पंखातल्या धमनीवर तासन्‌तास टाके घालतात, ते त्यासाठीच.